छताची तपासणी: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

पालघर, बोईसर आणि तारापूर या पट्ट्यात घराचे छत तज्ज्ञाकडून तपासून घेण्याचा विचार बहुधा आगोटीला, म्हणजे पाऊस तोंडावर आल्यावर, आणि तोही छत गळत असेल तरच केला जातो. छत गळत नाही म्हणजे ते धडधाकट आहे, या समजातून ही सवय आली असून किनारपट्टीवर हाच समज सर्वांत घातक आहे. सिमेंट काँक्रीट मुळात क्षारधर्मी असल्याने त्यातील लोखंडी सळ्यांवर एक अतिशय पातळ संरक्षक थर टिकून राहतो. सातपाटी, केळवे, चिंचणी यांसारख्या गावांतील खाऱ्या हवेतून येणारे क्लोराइड काँक्रीटमध्ये झिरपत सळीपर्यंत पोहोचले की हा थर तुटतो आणि गंज धरू लागतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापत असल्याने आतून ताण येऊन काँक्रीटला सळीच्या रेषेत चीर पडते आणि अखेर पोपडा सुटतो. या सर्व क्रियेला छतातून पाणी ठिबकण्याची गरज नसते. दमट, खारी हवा तेवढ्यास पुरेशी होते. म्हणूनच आयएस 456 या भारतीय मानकाने सौम्य वातावरणात सळीबाहेर 20 मिलिमीटर काँक्रीटचे आवरण पुरेसे मानले असले, तरी किनारी वातावरणासाठी ते 45 मिलिमीटर ठरवले आहे, आणि ज्या स्लॅबच्या सळ्या ओतकामाच्या वेळी कव्हर ब्लॉक न लावता थेट फळ्यांवर टेकवल्या गेल्या, त्याला हे संरक्षण जवळजवळ मिळालेलेच नसते.

तपासणी म्हणजे गच्चीवर एक चक्कर मारून अंदाज सांगणे, असेही अनेकांना वाटते. प्रत्यक्षात स्ट्रक्चरल इंजिनिअर स्लॅबचा तळ हातोडीने ठोकून पाहतो, कारण पोपडा सुटलेला भाग भद्द, पोकळ आवाज देतो. त्यानंतर रिबाउंड हॅमरने पृष्ठभागाचा कठीणपणा आणि श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या वेगावरून आतील भेगा व पोकळ्या यांचा अंदाज घेतला जातो. सळीचा गंज अजून डोळ्यांना दिसत नसताना हाफ-सेल चाचणी उपयोगी पडते. हिच्यात सळी आणि काँक्रीटवर ठेवलेला कॉपर सल्फेटचा इलेक्ट्रोड यांच्यातील विद्युतदाब मोजतात, आणि तो उणे 350 मिलिव्होल्टच्याही खाली गेला तर तेथे गंज चालू असण्याची शक्यता 90 टक्क्यांहून अधिक धरली जाते. वॉटरप्रूफिंगचे काम घेणाऱ्याने विनामूल्य केलेली पाहणी या चाचण्यांची जागा घेऊ शकत नाही, कारण जो उपाय तो विकतो त्याच उपायाची शिफारस त्याच्याकडून होणे स्वाभाविक असते.

खाली जेथे डाग पडतो, बरोबर त्याच्या वरच भोक असते, हा समजही तितकाच रूढ आहे. पाणी कोब्याखाली, म्हणजे गच्चीवर विटांचे तुकडे सिमेंटच्या मालात बसवून केलेल्या उताराच्या थराखाली, दूरवर पसरत जाऊन स्लॅबमध्ये वाट मिळेल तेथे उतरते. त्याचा उगम अनेकदा पॅरापेटच्या सांध्यात किंवा पावसाळी पाइपच्या तोंडाशी सापडतो.

जुन्या कोब्यावर नवा कोबा घातला की गळती थांबते, ही समजूत मात्र खर्चिक असण्याबरोबर धोकादायकही आहे. 10 सेंटिमीटर जाडीच्या कोब्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे 180 किलो भरते, तर वापरात असलेल्या गच्चीसाठी माणसे व सामान यांचा जो भार सामान्यतः गृहीत धरला जातो तो दर चौरस मीटरला सुमारे 150 किलो असतो; म्हणजे एका दुरुस्तीने गच्चीवर कायमची गर्दी उभी केल्यासारखे होते, आणि तेही सळ्या गंजून क्षीण झालेल्या स्लॅबवर. कोब्याऐवजी गच्चीवर उभारलेली पत्र्याची शेड वजनाने हलकी असली, तरी खाली सुरू झालेला गंज ती थांबवत नाही. शिवाय मुंबईसाठी मानकाने धरलेल्या सेकंदाला 44 मीटर या वाऱ्याच्या वेगाला दर चौरस मीटरला शंभर किलोहून अधिक दाब निर्माण होतो, तर पत्र्याचे स्वतःचे वजन जेमतेम चार-पाच किलो असते, हे लक्षात घेता शेडचे नटबोल्ट तपासणीतून वगळणे परवडणारे नाही. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीलगत रासायनिक कारखान्यांतील आम्लधर्मी वायूंचाही प्रश्न असतो, कारण ते पत्र्यावरील जस्ताचा मुलामा खातात.

कौलारू घराला तपासणी लागत नाही, हेही खरे नाही. दरवर्षीच्या शाकारणीत कौले परतली जातात, पण आढे आणि वासे यांना लागलेली वाळवी तशीच राहून जाते. अ‍ॅस्बेस्टॉसमिश्रित सिमेंटच्या जुन्या पत्र्यांवर चढणे किंवा ते घासून धुणे टाळावे. ते पायाखाली अचानक फुटतात आणि त्यांचे तंतू श्वासावाटे शरीरात जाणे कर्करोगकारक आहे.

इमारत 30 वर्षांची होईपर्यंत तपासणीचा प्रश्नच येत नाही, असा निर्वाळा अनेक सोसायट्यांच्या सभांत दिला जातो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनी 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचे दर 5 वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर 3 वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट सांगितले आहे. याच पालघर जिल्ह्यात विरार पूर्वेला 26 ऑगस्ट 2025 च्या मध्यरात्री रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळून 17 जणांचा मृत्यू झाला. ती इमारत 30 वर्षांची नव्हती. गच्चीतून झिरपणाऱ्या पावसाच्या पाण्याने वरच्या मजल्यावरील सदनिकेच्या छताचे व गिलाव्याचे जे नुकसान होते, त्याची दुरुस्तीही उपविधींनुसार संस्थेच्या खर्चाने व्हावयाची असते, त्या सदनिकाधारकाच्या नव्हे.

तपासणीचा योग्य काळ ऑक्टोबर-नोव्हेंबर हा होय, कारण ओलीच्या खुणा तेव्हा ताज्या असतात आणि दुरुस्तीसाठी पुढचा संपूर्ण कोरडा हंगाम हाती असतो. सोसायट्यांनी या कामाचा ठराव पावसाळ्यापूर्वीच करावा, अहवाल लेखी घ्यावा आणि तो प्रत्येक सदस्याला वाचायला द्यावा.