ब्रेक ऑइल सारखं कमी होतंय? टॉप-अप करण्याआधी गळती कुठंय ते शोधा

जुनी झेन, व्हॅगन आर किंवा सँट्रो चालवणाऱ्यांना हा प्रकार माहिती असेल. डॅशबोर्डवर ब्रेकचा लाल दिवा लागतो. गॅरेजवाला बॉनेट उघडून ब्रेक ऑइल ओततो, दिवा जातो. तीन आठवड्यांनी दिवा परत हजर.

आता मुद्दा असा की ब्रेक ऑइल पेट्रोलसारखं जळत नाही. तुम्ही पॅडल दाबलं की मास्टर सिलिंडर ते ऑइल बंद पाइपातून ढकलतो आणि तो दाब चाकांपर्यंत पोचतो. मग ते कमी का होतं? कारणं दोनच. पुढचे ब्रेक पॅड झिजले की कॅलिपरचा पिस्टन बाहेर सरकतो आणि मागची जागा भरायला डबीतली पातळी थोडी उतरते. हे महिनोन्महिने चालतं. पण काही आठवड्यांत पातळी मॅक्सवरून मिनवर आली, तर गळतीच समजायची. (बऱ्याच गाड्यांत हँडब्रेकचा दिवाही हाच असतो. तो पूर्ण खाली आहे ना, ते आधी बघा.)

रात्री गाडीखाली, चारही चाकांजवळ आणि इंजिनखाली, पुठ्ठे टाकून ठेवा. सकाळी डाग वाचायचे. स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचं. जाडसर काळपट असेल तर इंजिन ऑइल. हिरवं किंवा गुलाबी असेल तर बहुतेक कूलंट. ब्रेक ऑइल पातळ, बुळबुळीत असतं. नवं असेल तर फिकट पिवळं, जुनं झालं की चहासारखं. ते रंगावर सांडलं तर गाडीचा रंग सोलतं, त्यामुळे लगेच पाण्यानं धुवा.

जुन्या गाडीत पहिला संशय मागच्या चाकांवर घ्यावा. तिथं ड्रम ब्रेक असतात आणि आतल्या व्हील सिलिंडरचे रबरी कप वर्षानुवर्षांच्या वापरानं कडक होतात. फसवणूक अशी की ऑइल आधी ड्रमच्या आतच साचतं. जमीन कोरडी, पण टायरची आतली बाजू ओली. हेच ऑइल लायनरवर गेलं की ते चाक नीट ब्रेक धरत नाही. भिजलेला लायनर पुसून चालत नाही, दोन्ही बाजूंचे बदलावे लागतात.

पुढं रबरी होजला भेगा पडल्यात का, लोखंडी पाइप गंजलाय का, ते पाहा. कोकण-गोव्यातल्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीत पाइप आवर्जून तपासायला हवा.

सगळ्यात चकवणारी गळती म्हणजे जिचा कुठंच डाग नाही. मास्टर सिलिंडरचं मागचं सील गेलं की ऑइल थेट त्यामागच्या गोल काळ्या बूस्टरमध्ये उतरतं. दोन्हींच्या जोडावर ओलावा किंवा सोललेला रंग दिसतो का बघा. नाहीतर मेकॅनिकला सिलिंडर सोडवून पुढं ओढायला सांगा, आत ऑइल दिसेल. काही गाड्यांत क्लचचं ऑइलही याच डबीतून जातं, तेव्हा क्लच पॅडलच्या वरही हात फिरवा.

उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून पॅडल अर्धा मिनिट घट्ट दाबून धरा. ते हळूहळू खाली जात राहिलं, तर बाहेर गळतंय किंवा मास्टर सिलिंडरच्या आतलं सील गेलंय. दोन-तीनदा मारल्यावरच कडक होत असेल, तर बहुधा लाइनमध्ये हवा शिरलीये.

हवा दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. म्हणून पॅडल पोकळ लागतं. त्यात ब्रेक ऑइल हवेतला ओलावाही शोषतं. डॉट 3 ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान 205 अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा 140 अंशांवर येते. आंबेनळी घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरताना हा फरक कळतो. बहुतेक गाड्यांत दोन वेगळी सर्किट असतात, त्यामुळे एक गेलं तरी थोडा ब्रेक उरतो, पण गाडी थांबायला बरंच जास्त अंतर लागतं. तेव्हा पॅडल खोल जात असेल, तर गाडी टो करूनच न्या.

बाटली हाताशी नाही म्हणून इंजिन ऑइल ओतू नका. सगळे रबर फुगतात आणि खर्च कितीतरी पटीनं वाढतो.

काम झाल्यावर हवा काढून घ्या, ऑइल पूर्ण बदला, काढलेला पार्ट बघायला मागा. डबीवर पातळीची खूण मार्करनं करून तारीख टाका. आठवड्यानं सपाट जागी गाडी लावून पुन्हा बघा. ऑइल खुणेखाली गेलं असेल, तर गळती अजून सापडलेली नाही.