संगणकक्षमता, वैयक्तिक
संगणकक्षमता, वैयक्तिक : एका व्यक्तीने वापरावयाच्या संगणकाची ठराविक वेळात काम उरकण्याची शक्ती. ती मुख्यतः प्रक्रियकाचा वेग, कार्यकारी स्मृती व साठवण-साधनाचा प्रतिसाद यांवर अवलंबून असते. नित्याच्या कामास ही शक्ती किती लागते, याचा विचार येथे चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांच्या अनुषंगाने केला आहे.

१९८१ मध्ये विक्रीस आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकाचा वेग ४·७७ मेगाहर्ट्‌झ होता. आजच्या साध्या संगणकाचाही त्याच्या शेकडो पट असतो. मात्र वेगाबरोबर आज्ञावल्याही स्थूल होत गेल्या, आणि निक्लाउस विर्ट यांनी १९९५ मध्ये या प्रवृत्तीवर टीका केली होती. त्याच वर्षीच्या ‘विंडोज ९५’ ला किमान ४ मेगाबाइट स्मृती पुरे. ‘विंडोज ११’ ला (२०२१) किमान ४ गिगाबाइट, म्हणजे सुमारे हजारपट लागते. लिहिणाऱ्याचे पत्र मात्र हजारपट लांबलेले नाही.

मराठीपुरता एके काळी जादा सामग्रीचा प्रश्न खरा होता. देवनागरीसाठी संगणकात स्वतंत्र ‘जिस्ट’ कार्ड बसवावे लागे. हे तंत्र कानपूरच्या आयआयटीत उगम पावले व पुढे पुण्याच्या सी-डॅकने (स्थापना १९८८) विकसित केले. युनिकोडमुळे ती गरज संपली. प्रचलित संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. दोन हजार चिन्हांचे पान सुमारे ६ किलोबाइटांत मावते.

ग्रामपंचायतीचे १ ते ३३ नमुने, जन्म-मृत्यूच्या नोंदी व दाखले ही कामे याच जातीची आहेत. वनहक्क कायद्यान्वये (२००६) सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभांना त्यांत बांबूविक्रीचे हिशेब, मजुरांची हजेरी व तेंदूपुड्यांची मोजदाद यांची भर पडते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास असे हक्क २००९ मध्ये मिळाले. काही शेकडो नावांची बेरीज-वजाबाकी पंधरा वर्षांपूर्वीचा संगणकही क्षणात करतो. दाखला निघण्यास होणारा विलंब बहुधा दूरच्या सेवा-संगणकावरील गर्दीमुळे, क्षीण जाळ्यामुळे किंवा खंडित विजेमुळे होतो. नवा प्रक्रियक घेऊन त्यांपैकी काहीच दूर होत नाही. शिवाय चंद्रपूरचे तापमान मे महिन्यात ४५° से. वर जाते. अति तापलेला प्रक्रियक स्वसंरक्षणासाठी आपला वेग आपणच उतरवितो. विकत घेतलेला वेग अशा वेळी हाती लागत नाही. पंख्यावरील धूळ काढणे अधिक गुणकारी ठरते.

संगणक खरोखरच मंद असल्यास दोष बहुधा फिरत्या चकतीचा असतो. तीवरील माहिती गाठण्यास सुमारे १० मिलिसेकंद लागतात, तर घन-अवस्था साधनास सुमारे ०·१ मिलिसेकंद. ही अदलाबदल व ८ गिगाबाइट स्मृती एवढ्याने जुने यंत्र पुष्कळदा पुन्हा कामास येते.

अपवाद आहेत. सामूहिक वनक्षेत्राचा व्यवस्थापन आराखडा करताना उपग्रह-प्रतिमा, सीमारेषा व पाणलोटाचे थर एकावर एक मांडावे लागतात; तेथे जास्त स्मृती व वेगवान प्रक्रियक यांस पर्याय नाही. चित्रफितींचे संपादन व अभियांत्रिकी आरेखन यांचेही तसेच. परंतु असे एक यंत्र अनेक गावांना मिळून पुरते.

दुसरी अडचण शक्तीबाहेरची आहे. ‘विंडोज १०’ चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. ‘विंडोज ११’ ला टीपीएम २·० हा सुरक्षा-घटक व ठराविक पिढीपुढील प्रक्रियक आवश्यक असल्याने कामास पुरेशी असलेली असंख्य यंत्रे अपात्र ठरली. पैशाचे व्यवहार व अंकीय स्वाक्षऱ्या होणारे यंत्र सुरक्षा-सुधारणांविना चालविणे योग्य नाही. लिनक्स हा बिनखर्चाचा मार्ग आहे. मात्र स्वाक्षरीची कळ व मुद्रक त्यावर चालतात की नाही, हे आधी पाहावे लागते. काही यंत्रांत टीपीएम असूनही तो बंद ठेवलेला असतो. यंत्र मोडीत काढण्यापूर्वी तेही तपासणे इष्ट होय.