दशांश चिन्हापुढचे तीन अंक

१९६१ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत एडवर्ड लॉरेन्झ यांनी हवामानाचे संगणकीय प्रारूप, म्हणजे वातावरणाच्या हालचालींची गणिती मांडणी, पुन्हा चालवताना ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ हा आकडा भरला आणि एवढ्याशा फरकाने पुढचा सारा अंदाज भरकटला. आरंभीची स्थिती तंतोतंत मोजता येत नसल्याने अशी चूक दिवसागणिक वाढते आणि साधारण दोन आठवड्यांपलीकडचा नेमका अंदाज अशक्यप्राय ठरतो. शिवाय पाऊस थोड्या अंतरावरही बदलतो: २६ जुलै २००५ रोजी मुंबईतील सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, त्याच शहरातील कुलाब्याला मात्र ७५ मिलिमीटरही नाही. इतक्या लहान टापूतले ढग प्रारूपाच्या जाळीतून, म्हणजे गणनेसाठी पाडलेल्या चौकटींतून, सहज निसटतात. म्हणूनच आरंभीचे आकडे किंचित बदलून अनेक अंदाज काढणारी आणि पावसाची शक्यता टक्क्यांत सांगणारी समूह-अंदाज पद्धत अधिक प्रामाणिक आहे.