विश्लेषण : चेनी यांनी पक्षाची वेस ओलांडली, मतदारांनी का नाही?

विस्कॉन्सिन राज्यातील रिपन हे छोटे शहर रिपब्लिकन पक्षाचे जन्मस्थान मानले जाते. १८५४ मध्ये पक्षस्थापनेची बैठक तिथल्या एका शाळेत झाली होती. त्याच रिपनमध्ये ३ ऑक्टोबर २०२४ रोजी रिपब्लिकन नेत्या लिझ चेनी डेमोक्रॅटिक उमेदवार कमला हॅरिस यांच्या प्रचाराला उभ्या राहिल्या. त्यांचे वडील, माजी उपाध्यक्ष डिक चेनी यांनीही हॅरिस यांनाच मत देणार असल्याचे जाहीर केले होते.

बंड कशावरून?

लिझ चेनी पक्क्या उजव्या विचारांच्या. डोनाल्ड ट्रम्प यांच्या पहिल्या कार्यकाळात त्यांनी ९० टक्क्यांहून अधिक वेळा त्यांच्याच बाजूने मतदान केले. बिनसले ते ६ जानेवारी २०२१ च्या कॅपिटॉल हल्ल्यावरून. त्यानंतर ट्रम्प यांच्यावरील महाभियोगाला पाठिंबा देणाऱ्या दहा रिपब्लिकन प्रतिनिधींमध्ये त्या होत्या.

आपल्याकडे व्हिप मोडला, तर पक्षांतरबंदी कायद्याने सदस्यत्व जाऊ शकते. अमेरिकेत असा कायदा नाही. तिथे शिक्षा देतात ते पक्षाचेच मतदार, ‘प्रायमरी’त म्हणजे उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत. ऑगस्ट २०२२ मध्ये वायोमिंगच्या प्रायमरीत चेनी सुमारे ३७ टक्क्यांच्या फरकाने हरल्या. २०२२ नंतर त्या दहांपैकी सभागृहात उरले फक्त दोघे. हॅरिस यांना पाठिंबा देणाऱ्या रिपब्लिकनांच्या यादीत बहुतेकांच्या नावामागे ‘माजी’ का होते, ते यावरून कळते.

हॅरिस यांचे गणित कुठे चुकले?

निकी हेली ६ मार्च २०२४ लाच शर्यतीतून बाहेर पडल्या होत्या. तरीही एप्रिलमध्ये पेनसिल्व्हेनियात दीड लाखाहून अधिक नोंदणीकृत रिपब्लिकनांनी त्यांना मत दिले. २०२० मध्ये जो बायडेन हे राज्य सुमारे ८० हजार मतांनी जिंकले होते. कागदावर हिशेब चोख होता.

प्रत्यक्षात ट्रम्प यांनी पेनसिल्व्हेनिया सुमारे १ लाख २० हजार मतांनी जिंकले. एक्झिट पोलनुसार देशभरातील रिपब्लिकन मतदारांपैकी जेमतेम ५ टक्के हॅरिस यांच्याकडे गेले. २०२० मध्ये बायडेन यांना ६ टक्के मिळाले होते. ट्रम्प नकोसे झालेले अनेक जण आधीच पक्षापासून दुरावले होते. शिवाय खुद्द हेली यांनीच पुढे ट्रम्प यांना पाठिंबा दिला.

चेनी या नावाचे दुसरे ओझे म्हणजे इराक युद्ध. गाझावरून बायडेन प्रशासनावर आधीच संतापलेल्या अरब-अमेरिकन मतदारांसमोर हे नाव नेणे शहाणपणाचे नव्हते. मिशिगनमधील अरबबहुल डिअरबर्न शहरात २०२० मध्ये बायडेन यांनी मोठी आघाडी घेतली होती. २०२४ मध्ये तिथे सर्वाधिक मते ट्रम्प यांना पडली.