नाव गुप्त, हिशेब उघडा

चळवळीच्या इतिहासात व्यासपीठावरच्या नेत्यांची नावे येतात. चळवळीचा खर्च ज्यांनी चालविला, त्यांची येत नाहीत.

अमेरिकेतील अलाबामा राज्यात, माँटगोमेरी शहरातील कृष्णवर्णीयांनी ५ डिसेंबर १९५५ रोजी बसवर बहिष्कार टाकला. तो ३८१ दिवस टिकला. रोझा पार्क्स आणि मार्टिन ल्युथर किंग आपल्याला ठाऊक आहेत. पण कष्टकऱ्यांना कामावर पोहोचविणाऱ्या सुमारे ३०० मोटारींच्या पेट्रोलचा पैसा कोठून आला, हे आम्ही सहसा विचारत नाही.

त्यातला काही पैसा स्वयंपाकघरातून आला. जॉर्जिया गिल्मोर या स्वयंपाकाची नोकरी करणाऱ्या बाईंनी आपल्यासारख्या स्त्रिया जमविल्या. त्या केक व इतर खाद्यपदार्थ करून विकत आणि मिळालेले पैसे बहिष्कार चालविणाऱ्या माँटगोमेरी इम्प्रूव्हमेंट असोसिएशनला देत. गटाचे नाव होते 'क्लब फ्रॉम नोव्हेअर', म्हणजे कोठलाच नसलेला क्लब! पैसे कोठून आले असे कोणी विचारलेच, तर उत्तर तयार: कोठूनच नाही. कारण यातल्या अनेकजणी गोऱ्यांच्या घरी राबत होत्या. नाव कळले की नोकरी जाणार. गिल्मोरबाईंनी १९५६ मध्ये किंग यांच्या खटल्यात साक्ष दिली आणि त्यांची नोकरी गेलीच. मग त्या घरीच स्वयंपाक करून विकू लागल्या. शहराच्या दुसऱ्या भागात आयनेझ रिक्स यांनी 'फ्रेंडली क्लब' काढला. जास्त निधी कोणाचा, अशी दोघींत चुरस असे.

ही भीती खोटी नव्हती. त्याच १९५६ साली अलाबामा सरकारने एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेकडे सभासदांची यादी मागितली. संघटनेने नकार दिला. एक लाख डॉलर दंड झाला. १९५८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने संघटनेच्या बाजूने निकाल दिला. अशी सक्ती संघटनस्वातंत्र्यावर घाला घालते, हे तत्त्व तेथे मान्य झाले. वकील म्हणून आम्हाला तो निकाल मोलाचा वाटतो. पण त्याआधीच त्या बायकांनी स्वतःपुरते हे संरक्षण उभे केले होते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. देणाऱ्याचे नाव गुप्त होते, रक्कम मात्र भर सभेत जाहीर होई. बांधवांनो, वर्गणीची पावतीपुस्तके घेऊन आम्हीही फिरलो आहोत. आपल्याकडे पुष्कळदा उलटे घडते. देणगीदाराचे नाव फलकावर मोठे झळकते आणि हिशेब विचारणारा चळवळीचा वैरी ठरतो. धुणीभांडी करणाऱ्या माऊलीच्या दहा रुपयांचा हिशेब तिला न मागता मिळाला पाहिजे. तो ज्या संघटनेला देता येत नाही, तिने हक्कांची भाषा कोणत्या तोंडाने बोलावी?