दिव्याच्या पाटीची शीट बदलताना

आमचे कापडाचे दुकान मोडनिंबला आहे. पुणे–सोलापूर महामार्गाने येणारे गिऱ्हाईक दिवस मावळल्यावर दुकान ओळखते ते पाटीवरून. आमच्या पाटीत चार चार फुटांच्या तीन ॲक्रिलिक शीट आहेत. मधल्या शीटवर दुकानाचे नाव मोठ्या इंग्रजी अक्षरांत होते, त्याखाली उर्दूत. मराठी होते, पण कोपऱ्यात बारीक. ही पाटी बदलताना आम्ही एकदा पैसे वाया घालवले. दुकानदार बंधूंचे तसे होऊ नये म्हणून हे लिहीत आहोत.

प्रथम कायदा. २०२२ साली महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाली. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या लहान दुकानांनाही पाट्यांचा नियम लागू झाला. पाटी मराठीत, देवनागरी लिपीत हवी. दुसरी भाषा चालते, पण मराठी आधी हवी आणि तिची अक्षरे इतर भाषेच्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. किरकोळ व्यापाऱ्यांची संघटना याविरुद्ध न्यायालयात गेली होती. २३ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी पाट्या बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. तेव्हा हा विषय आता वादाचा राहिलेला नाही, कामाचा आहे.

आम्ही घाईत फक्त मधली शीट बदलून घेतली. कारागिराचे नाव सांगत नाही, चूक आमचीही होती. दिवसा लाल अक्षरे झकास दिसत. रात्री दिवे लागले की तीच अक्षरे काळी. बाजूच्या दोन शीट उन्हाने पिवळ्या पडलेल्या, मधली पांढरीशुभ्र; पाटीला ठिगळ लावल्यासारखे दिसे. मे महिन्यात ती शीट फुगली आणि स्क्रूजवळ तडकली. तिन्ही दोषांची कारणे नंतर कळली, ती अशी.

पहिले, अक्षरांचा कागद. ज्याला आपण बाजारात रेडियम म्हणतो तो साधा रंगीत चिकट कागद उजेड अडवतो. मागून दिवा लागला की कोणताही रंग काळाच दिसतो. दिव्याच्या पाटीसाठी उजेड पार होऊ देणारा वेगळा कागद मिळतो. मागतानाच ‘आतून दिवा आहे’ असे सांगावे आणि तुकडा ट्यूबसमोर धरून पाहावा.

दुसरे, शीटचा रंग. जुन्या शीटशेजारी नवी कधीच जुळत नाही. शक्य असेल तर सगळ्या शीट एकदम बदलाव्यात. खर्च झेपत नसेल तर जुन्याच शीटवरची अक्षरे काढून नवी लावावीत. मात्र जुन्या अक्षरांखालचा भाग उन्हापासून वाचलेला असतो, त्यामुळे त्यांची पुसट छाया उरते. नवे नाव त्या छायेवर बसेल इतके रुंद ठेवले, किंवा मागे गडद पट्टा घेतला, की ती झाकते.

तिसरे, माप. ॲक्रिलिक उष्णतेने फार वाढते. एका मीटरला एका अंशामागे सुमारे ०.०७ मिलिमीटर. थंडीतली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत शीटच्या तापमानात ४० अंशांचा फरक धरला, तर चार फुटी शीट साडेतीन मिलिमीटर वाढते, आठ फुटी जवळजवळ सात. म्हणून शीट फ्रेमच्या आतल्या मापापेक्षा तेवढी कमी कापावी, स्क्रूची भोके स्क्रूपेक्षा मोठी ठेवावीत आणि स्क्रू करकचून आवळू नयेत. आमची शीट जागा नसल्याने फुगली आणि घट्ट स्क्रूमुळे तडकली.

आता अक्षरे काढण्याची रीत. आधी मेन स्विच बंद करावा. फ्रेम लोखंडी असते आणि पावसाळ्यात ती ओलावा धरते, म्हणून अर्थिंगही तपासून घ्यावे. शीट खाली उतरवून सपाट जागी चादरीवर ठेवावी. केस वाळवण्याच्या यंत्राने अक्षर कोमट करावे आणि टोक धरून हळूहळू, शीटला जवळजवळ चिकटवूनच ओढावे. उरलेला डिंक रॉकेलच्या बोळ्याने पुसून नंतर साबणाच्या पाण्याने धुवावा. थिनर, पेट्रोल किंवा ॲसिटोन अजिबात लावू नये. त्याने ॲक्रिलिकला बारीक जाळीसारखे तडे जातात. पत्रीने खरवडणेही नको. नवे अक्षर लावताना पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून शीटवर फवारा मारावा. अक्षर सरकवून जागेवर बसवता येते, मग मधून कडेकडे पाणी दाबून काढावे.

शीट उतरलेलीच असते, तेव्हा आतले दिवेही पाहून घ्यावेत. तांब्याच्या चोकसह चार फुटी जुनी ट्यूब सुमारे ५० वॅट खाते, एलईडी ट्यूब २० वॅट. सहा ट्यूब रोज पाच तास लागल्या तर महिन्याला जुन्यांचे ४५ युनिट होतात, नव्यांचे १८. दिवे शीटच्या अगदी जवळ बसवले तर उजेडाचे ठिपके दिसतात, म्हणून अंतर राखावे. पेटीच्या तळाला पाणी निघायला बारीक भोके हवीतच.

अक्षराचा आकार ठरवताना व्यापारी ठोकताळा असा की दर दहा फूट अंतराला एक इंच उंची. रस्त्यापलीकडून साठ फुटांवरून वाचायचे असेल तर सहा इंच. मराठीत ही उंची मूळ अक्षराची धरावी. वरची वेलांटी, रफार आणि खालचा उकार यांना जागा वेगळी सोडावी. इंग्रजीच्या जागेत मराठी तसेच कोंबले की मात्रा फ्रेमखाली जातात.

आता उर्दूचा प्रश्न. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. पाटीवरची उर्दू ओळ वडिलांनी लिहवून घेतली होती. मराठी मोठी करायची म्हणजे उर्दू काढावी लागेल असे आम्हांला पुष्कळांनी सांगितले. ते खरे नाही. कायदा दुसऱ्या भाषेला मना करत नाही, फक्त क्रम आणि आकार सांगतो. अकोला जिल्ह्यातील पातूर नगर परिषदेच्या फलकावर मराठीखाली उर्दू होते, त्यावर दावा झाला. १५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उर्दू राहू दिले. तो फलक नगर परिषदेचा होता, दुकानाचा नव्हे. पण भीतीपोटी आपणच आपली ओळ पुसण्याचे कारण नाही, एवढे त्यातून कळते.

उर्दू अक्षरे संगणकावर कापून घेताना एक सावधगिरी हवी. उर्दू न वाचणाऱ्या कारागिराकडे पुष्कळदा अक्षरे सुटी सुटी आणि डावीकडून उजवीकडे उलटी येतात. मजकूर उर्दूच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवून, अक्षरांची रेषाकृती करून मगच द्यावा. कापण्यापूर्वी कागदावर छापून घ्यावा आणि जाणत्या माणसाने वाचावा. मराठीसाठीही हीच रीत. एकदा कापलेली वेलांटी परत जोडता येत नाही.

दुसऱ्या खेपेला आम्ही तिन्ही शीट बदलल्या. वर मराठी, त्याखाली त्याहून थोडी लहान उर्दू. वडिलांची ओळ आम्ही जुन्या शीटवरून पातळ कागदावर उतरवून घेतली होती, तीच कापून लावली. आता गिऱ्हाईक लांबूनच नाव वाचते, आणि रात्रीही अक्षरे लाल दिसतात.