दगडावरचे मांस

मटण म्हटले की आपल्या मराठी घरात आधी डोळ्यांपुढे येते ते रस्स्याचे पातेले. मांस भाजून खावे, आणि तेही तापलेल्या दगडावर, ही कल्पना मराठवाड्यातून हैदराबादेत येऊन स्थायिक झालेल्या आपल्या वाडवडिलांना प्रथम चमत्कारिकच वाटली असेल. आज मात्र 'पत्थर का गोश्त' आपल्यापैकी पुष्कळांच्या आवडीचे आहे. साहेबाच्या स्टेकचे हे दख्खनी भावंडच म्हणावे. त्याचा तुकडा बहुधा गोमांसाचा आणि चांगला जाड. आपला बकऱ्याचा, बिनहाडाचा आणि पातळ. पण प्रखर धगीवर थोडक्या वेळात भाजायचे, हे मर्म दोहोंचे एकच.

सहावे निजाम मीर महबूब अली खान (कारकीर्द १८६९ ते १९११) शिकारीचे मोठे शौकीन. एकदा जंगलात कबाबाच्या सळ्या बरोबर नव्हत्या, म्हणून खानसाम्याने ग्रॅनाइटची शिळा निखाऱ्यांवर तापवली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो. ज्या शहराभोवती अशा शिळा कोणी रचून ठेवल्यासारख्या उभ्या आहेत, तेथे ही युक्ती सुचायला निजामाची स्वारीच हवी असे नाही.

यात पहिली परीक्षा खाटकाच्या दुकानी होते. मांडीचे किंवा पाठीच्या कण्यालगतचे मांस मागावे. चरबी आणि शिरा तेथे कमी. खांद्याचे व नळीचे मांस चिवट; त्याला मंद आचेवर रस्स्यातच शिजू द्यावे. मात्र चरबी नसलेले मांस चटकन कोरडे पडते. म्हणून तंतूंना आडवे कापून पातळ तुकडे करावेत, वरवंट्याने हलकेच ठेचावेत आणि आले, लसूण, मिरे, हिरवी मिरची, मीठ व थोडी वाटलेली कच्ची पपई लावून ठेवावेत. पपईच्या चिकातले पपेन मांसाची प्रथिने तोडते. दोनतीन तास पुरेत. रात्रभर ठेवले तर लगदा होतो.

आता दगड. पातळ तव्यावर ओले मांस टाकले की तवा निवतो, रस सुटतो आणि मांस भाजण्याऐवजी स्वतःच्याच पाण्यात उकडते. जाड शिळेत साठलेली उष्णता अशी एकाएकी ओसरत नाही. पाणी जागच्या जागी उडून जाते आणि तुकड्याला खमंग तांबूस पापुद्रा धरतो. प्रथिनांतील अमिनो आम्ले आणि शर्करा यांच्यातील ही प्रक्रिया माइयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली वर्णिली. आपल्या खानसाम्यांना ती नाकाने ठाऊक होती. शिळा मात्र कोरडी हवी आणि हळूहळू तापवावी. ओला दगड एकदम तापवला तर आतल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटतो. वर तुपाचा हात फिरवावा आणि तुकडे दोन्ही बाजूंनी पुरते भाजावेत. ठेचलेले मांस आतून गुलाबी ठेवणे बरे नव्हे.

आमच्या जुन्या घराच्या परसात अशी एक शिळा होती. घर पाडून सदनिका उभ्या राहिल्या, तेव्हा राडारोड्याबरोबर तीही गेली. कोणाच्या लक्षातही आले नाही. मसाल्याचे प्रमाण लिहिलेला कागद मात्र आम्ही जपून ठेवला. परवा एका लग्नात हाच पदार्थ लोखंडी तव्यावर, पाणी सुटलेला, पानात आला. शेजारी बसलेल्या नातवाने विचारले, "आजोबा, याला पत्थर का म्हणतात?"

त्याला उत्तर देण्यासाठी येत्या रविवारी पाथरवटाकडे जाणार आहे. तीन इंच जाडीची, पॉलिश न केलेली, बिनभेगांची शिळा आणायची आहे. ज्यांच्या परसात अशी शिळा अजून असेल, त्यांनी ती राडारोड्यात जाऊ देऊ नये.